मासळीचं बीज आणि ओढ्याचं घर

अभ्यास पाठ : सरकार काय करतं, आणि आपण काय मागायचं?



पावसाळा जवळ आला की गावतळ्याच्या आणि पाझर तलावाच्या गोष्टी बैठकीत निघू लागतात. "आपल्या गटाने तलाव घ्यायचा का?" "बीज कुठून आणायचं?" "गेल्या वर्षी सोडलेले मासे गेले कुठे?" काही गटांनी मत्स्यपालन सुरू केलं आहे, काही विचारात आहेत. अनेक घरांत तर तलाव नसला तरी ओढ्यातले झिंगे आणि बारीक मासे पावसाळ्यात कालवणाला येतातच.

या पाठात आपण दोन गोष्टी एकत्र शिकणार आहोत. पहिली, मासळीचं बीज तयार करणारी केंद्रं, म्हणजे हॅचरी. दुसरी, ओढे आणि नद्या, जिथे मासा स्वतःहून अंडी घालतो आणि वाढतो. दोन्हींमध्ये सरकारचं काम आहे, पण ते वेगवेगळ्या कार्यालयांत वाटलेलं आहे. कोणतं काम कोणाचं, हे कळलं तर आपला अर्ज योग्य टेबलावर जातो. नाहीतर वर्ष जातं आणि उत्तर येतं, "हे आमच्याकडे येत नाही."

१. तलावातला मासा अंडी का घालत नाही?

आपण तलावात जे मासे पाळतो ते मुख्यतः तीन : कटला, रोहू आणि मृगळ. हे मुळात नदीचे मासे. पावसाळ्यात नदीला पूर येतो, पाणी गढूळ होतं, वाहू लागतं, काठावर पसरतं. तेव्हाच यांची मादी अंडी सोडते. तलावात मासा मोठा होतो, पोटात अंडीही धरतो, पण साठलेल्या पाण्यात ती सहसा सोडत नाही. म्हणून तलावात दरवर्षी नवीन बीज सोडावं लागतं.

पूर्वी हे बीज नदीतून जाळी लावून गोळा करायचे. त्यात चांगल्या माशांबरोबर नको त्या माशांची पिल्लंही यायची. ही अडचण सोडवली आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी. १० जुलै १९५७ या दिवशी ओडिशातल्या अंगूल इथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीचा अर्क माशाला टोचून त्याच्याकडून अंडी घालून घेतली. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. या वर्षी त्या दिवशी तुमच्या ग्रामसंघात हा पाठ वाचायला हरकत नाही.

२. हॅचरीत काय होतं?

आज बहुतेक ठिकाणी गोल हौदाची हॅचरी असते. सिमेंटचा गोल हौद, त्यात तिरप्या नळांतून पाणी सोडतात, त्यामुळे पाणी सतत गोल फिरतं. नर-मादीला इंजेक्शन देऊन संध्याकाळी त्या हौदात सोडतात. वाहतं पाणी आणि इंजेक्शन, या दोन्हींमुळे माशाला नदीला पूर आल्यासारखं वाटतं आणि काही तासांत मादी अंडी सोडते. रोहूच्या मादीच्या एक किलो वजनामागे साधारण २ लाख अंडी मिळतात. अंडी दुसऱ्या हौदात नेतात. १४ ते १८ तासांत त्यातून पिल्लं बाहेर येतात.

म्हणजे हॅचरी ही दुसरं काही नसून ओढ्याची नक्कल आहे. हे लक्षात ठेवा, पुढे याचा उपयोग होणार आहे.

पुढच्या वाढीला तीन नावं आहेत. बीज घेताना ही नावं नीट माहीत हवीत, कारण भाव नावाप्रमाणे बदलतो.

• मत्स्यजिरे : तीन-चार दिवसांचं पिल्लू, जिऱ्याच्या दाण्याएवढं.
• मत्स्यबीज : साधारण १५ ते २० दिवस वाढवलेलं, २० ते २५ मिलीमीटर, म्हणजे एक इंचाच्या आसपास.
• बोटुकली : दोन-तीन महिने वाढवलेली, ५० मिलीमीटरच्या वर, बोटाएवढी.

जिरे स्वस्त असतात म्हणून सरळ मोठ्या तलावात ओतू नका. मरळ, वाम, बेडूक, किडे आणि बगळे त्यांचा फडशा पाडतात. जिरे आधी छोट्या संगोपन तळ्यात वाढवायचे असतात. मोठ्या तलावात बोटुकलीच सोडावी.

एक हिशोब करून पाहू. समजा, दोन हेक्टरच्या तलावात गटाने १०,००० बोटुकली सोडली. खत-खाद्य वेळेवर दिलं आणि वर्षाअखेर निम्मे मासे हाती आले, प्रत्येकी पाऊण किलोचे. म्हणजे ५,००० मासे, ३,७५० किलो. आता समजा बीज कमी प्रतीचं किंवा खूप लहान होतं आणि दहातला एकच मासा जगला. मग १,००० मासे, ७५० किलो. तलाव तोच, ठेक्याची रक्कम तीच, राखण तितकीच. फरक ३,००० किलोंचा. मोठा मासा दिसतो तलावात, पण नफा-तोटा बीज घेतानाच बराचसा ठरून जातो.

बीज घेताना पाहायच्या गोष्टी :

१) पिल्लं चपळ आहेत का? भांड्यातलं पाणी हाताने गोल फिरवा. निरोगी पिल्लू प्रवाहाच्या उलट पोहतं, अशक्त पिल्लू पाण्याबरोबर मध्यभागी गोळा होतं.
२) सगळी पिल्लं एका मापाची आहेत का?
३) कोणत्या जातीची किती, हे पावतीवर लिहिलं आहे का? पावतीशिवाय बीज घेऊ नका.
४) मोजणी आपल्यासमोर झाली का? एका वाटीत किती बसतात ते मोजायचं आणि किती वाट्या ते गुणायचं.
५) बीज सकाळी लवकर किंवा संध्याकाळी सोडा. पिशवी बंद असतानाच १५-२० मिनिटं तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवा. मग तोंड उघडून तलावाचं पाणी थोडं थोडं आत घ्या. पिल्लं स्वतःहून बाहेर जाऊ द्या. एकदम ओतली तर पाण्याच्या गारव्या-उष्णतेच्या फरकाने मरतात.

आणखी एक. कोणी "थाई मागूर घ्या, लवकर वाढतो" असं सांगितलं तर नाही म्हणा. हा परदेशी मागूर पाळायला आणि विकायला बंदी आहे. तो पुराबरोबर ओढ्यात गेला की तिथले देशी मासे खाऊन टाकतो. आपला देशी मागूर वेगळा.

३. बीजाच्या बाबतीत सरकारचं काम

आपल्या राज्यघटनेनुसार गोड्या पाण्यातली मासेमारी हा राज्याचा विषय आहे. म्हणून पहिलं दार राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचं. जिल्ह्याच्या ठिकाणी त्याचे सहायक आयुक्त बसतात. विभागाची स्वतःची मत्स्यबीज केंद्रं आहेत. काही विभाग चालवतो, काही ठेक्याने संस्थांना किंवा खाजगी व्यक्तींना दिलेली आहेत. तलाव मासेमारीसाठी ठेक्याने देणं, बीज किती सोडलं ते पाहणं, प्रशिक्षण, योजनांचे अर्ज, ही कामं याच कार्यालयाची.

केंद्र सरकारचं काम पैसा आणि संशोधनाचं. २०१९ मध्ये केंद्रात मत्स्यव्यवसायाचा वेगळा विभाग झाला. २०२० मध्ये प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना आली. तिच्यात हॅचरी, संगोपन तळी, नवीन तळी, बर्फपेटी अशा कामांना अनुदान ठेवलं. सर्वसाधारण लाभार्थीला प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के, आणि महिला व अनुसूचित जाती-जमातीच्या लाभार्थींना ६० टक्के. खर्च किती धरायचा हे योजनेत ठरलेलं असतं, तुमच्या प्रत्यक्ष खर्चावर ते चालत नाही. शिवाय अनुदान बहुतेक वेळा काम झाल्यावर टप्प्याने येतं. म्हणून आधीचा पैसा कुठून आणायचा, ग्रामसंघाकडून की बँकेकडून, याचा विचार अर्ज भरण्याआधी करा. योजनांची मुदत आणि नियम बदलतात. अर्जाआधी सहायक आयुक्तांच्या कार्यालयात आत्ता काय चालू आहे ते विचारून घ्या.

किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मत्स्यपालकांनाही मिळू लागलं. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. बँकेत "हे शेतीत बसत नाही" असं उत्तर मिळालं तर या दोन गोष्टी सांगा.

संशोधन संस्थाही कामाच्या आहेत. भुवनेश्वरची गोड्या पाण्यातल्या मत्स्यपालनाची केंद्रीय संस्था 'जयंती' नावाचा सुधारित रोहू देते. तो साध्या रोहूपेक्षा लवकर वाढतो. मुंबईला वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. हैदराबादला राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळ आहे. आपण तिथे जाणार नाही, पण आपल्या जिल्ह्यातलं कृषी विज्ञान केंद्र त्यांच्याकडून माहिती मागवू शकतं.

तलाव कोणाचा, हेही आधी शोधा. गावतळं सहसा ग्रामपंचायतीचं. १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतात, मोठे तलाव राज्याच्या जलसंधारण किंवा जलसंपदा विभागाकडे. तलावावर आधीच भोई, ढीवर किंवा कोळी बांधवांची सहकारी संस्था असेल तर तिचा हक्क पहिला. त्यांच्याशी भांडण काढून गटाचं भलं होत नाही. उलट एक प्रश्न त्यांच्या आणि आपल्या बायकांनी मिळून विचारावा : संस्थेच्या सभासद यादीत बायकांची नावं किती आहेत? मासे बाजारात बसून विकते ती बाई, आणि सभासद मात्र तिचा नवरा, हे अनेक ठिकाणी दिसतं. सभासद नसली की संस्थेचा लाभांश नाही, मतदान नाही आणि ठेका ठरवताना तिचं ऐकणारं कोणी नाही.

४. ओढा ही फुकटची हॅचरी

आता ओढ्याकडे वळू. मरळ, वाम, शिंगी, देशी मागूर, खडशी, मुऱ्या, झिंगे, खेकडे, यांचं बीज कोणी विकत आणून सोडत नाही. तरी ते दरवर्षी येतात, कारण ओढा त्यांना चार गोष्टी देतो.

पहिली, डोह. उन्हाळ्यात ओढा आटतो तेव्हा मासे डोहात जगतात. पावसाळ्यात याच उरलेल्या माशांपासून पुन्हा सगळा ओढा भरतो. डोह म्हणजे ओढ्याची बियाण्याची कणगी.

दुसरी, वाळू आणि गोटे. पुष्कळ मासे दगडांच्या फटीत, वाळूत, पाण्यातल्या मुळ्यांत अंडी घालतात. वाळू उपसली आणि खाली नुसता गाळ राहिला की अंड्यांना जागा उरत नाही.

तिसरी, काठाची झाडं. करंज, जांभूळ, उंबर, वाळुंज यांची सावली पाणी गार ठेवते. पडलेला पाला आणि किडे हे माशांचं खाणं. मुळ्या काठ धरून ठेवतात.

चौथी, मोकळी वाट. पहिल्या पावसात मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, ओहळात आणि भातखाचरात जाऊन अंडी घालतात. हेच आपले चढणीचे मासे, कोकणात वलगणीचे मासे म्हणतात ते. नेमके याच वेळी पोट अंड्यांनी भरलेले मासे काठीने, जाळीने, टोपलीने ढिगाने मारले जातात. एक मादी मारली की तिच्यामागची हजारो पिल्लं गेली.

याचा आपल्याशी काय संबंध? ज्या घरात जमीन नाही, तलावाचा ठेका नाही, त्या घरात ओढ्याचा मासा ताटात येतो. तो काट्यासकट खाल्ला जातो, म्हणून मुलांना आणि बाळंतिणीला कॅल्शियम मिळतं. तलावातला कटला बहुतेक वेळा बाजारात जातो, ओढ्यातला बारीक मासा घरात शिजतो. ओढा मेला तर पहिली झळ सर्वात गरीब घराच्या चुलीला बसते. हे नुकसान कुठल्याही वहीत लिहिलं जात नाही, कारण त्याची कधी पावतीच नव्हती.

५. ओढा राखायचं काम कोणाचं?

इथेच गोंधळ होतो. मत्स्यव्यवसाय विभाग बीज देतो, पण ओढ्याचं पाणी, वाळू आणि काठ यांची जबाबदारी वेगवेगळ्या खात्यांची आहे. खालची यादी कापून ग्रामसंघाच्या फाईलला लावा.

• ओढ्यात विष, कीटकनाशक किंवा ब्लीचिंग पावडर टाकून, सुरुंग लावून मासे मारणे : हा गुन्हा आहे. १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून याला बंदी आहे. पोलीस ठाणे आणि मत्स्यव्यवसाय कार्यालय, दोन्हींकडे लेखी तक्रार करा. तेच पाणी जनावरं पितात, खाली कोणाची तरी विहीर असते, हे तक्रारीत लिहा.

• वीजतार टाकून मासे मारणे : पोलीस ठाणे आणि वीज वितरण कंपनीचं कार्यालय. यात माणसं मरतात.

• वाळू उपसा : महसूल खातं. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि तहसीलदार.

• कारखान्याचं किंवा शहराचं घाण पाणी : महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने त्यांना कारवाईचा अधिकार आहे. मेलेल्या माशांचा फोटो, तारीख, वेळ आणि जागा लिहून ठेवा. पाणी वाहून जातं, पुरावा राहत नाही.

• नाला खोलीकरण, रुंदीकरण, बंधारा : ग्रामपंचायत, जलसंधारण विभाग. याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

• जंगलातला ओढा : वनविभाग. आणि ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला आहे तिथे ग्रामसभा. २००६ च्या वनहक्क कायद्यात मासे आणि पाणवठ्यांतलं इतर उत्पन्न हा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे.

आता ग्रामपंचायतीचं काय? १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवण्याच्या २९ विषयांची यादी केली. त्यात पाणी व्यवस्थापन तिसऱ्या क्रमांकावर आणि मत्स्यव्यवसाय पाचव्या क्रमांकावर आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या गावांसाठी १९९६ चा पेसा कायदा आहे. त्यानुसार लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवायचं आहे. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, तिच्यात किमान एक तृतीयांश महिला हव्यात, आणि गावातल्या झाडं-प्राण्यांची लोक जैवविविधता नोंदवही हवी. तुमच्या गावात ही समिती कागदावर असेलच. तिच्यात कोणत्या महिलांची नावं आहेत ते ग्रामसेवकांना विचारा. कदाचित तुमचंच नाव निघेल!

नाला खोलीकरणाबद्दल दोन शब्द. पाणी अडवणं-जिरवणं गरजेचंच आहे, त्याला विरोध नाही. पण जेसीबीने ओढा सरळ चर केल्यासारखा खणला, डोह बुजवले, वळणं काढली, काठाची झाडं पाडली, तर पाणी साठेल, मासा मात्र राहणार नाही. काम सुरू होण्याआधी ग्रामसभेत सांगा : जुने डोह तसेच ठेवा, गाळ काढा पण गोटे-वाळूचा तळ ठेवा, काठाची झाडं तोडू नका, बंधाऱ्याला एका बाजूला मासा चढेल असा उतार ठेवा. अंदाजपत्रक तयार झाल्यावर सांगितलं तर "आता बदल होत नाही" असं उत्तर मिळतं. म्हणून आराखड्याच्या ग्रामसभेलाच हजर राहा.

६. नुसतं बीज सोडून का भागत नाही?

काही जण म्हणतील, "ओढ्यातले मासे कमी झाले तर सरकारने हॅचरीतून बीज आणून सोडावं, झालं!" याचं उत्तर लोणावळ्याच्या खडशीच्या गोष्टीत आहे.

खडशी म्हणजे महसीर, सह्याद्रीच्या नद्यांतला मोठा, ताकदवान मासा. धरणं झाली, त्याची वर चढायची वाट बंद झाली आणि तो कमी झाला. टाटा वीज कंपनीच्या लोणावळ्याच्या केंद्रात १९७० च्या दशकात त्याची कृत्रिम पैदास यशस्वी झाली. काम मोलाचं होतं. तिथून पिल्लं अनेक राज्यांत गेली, त्यातली काही कर्नाटकात कावेरी नदीतही सोडली गेली.

पण कावेरीचा स्वतःचा वेगळा महसीर होता, पाठीवर उंचवटा असलेला. तो जगात फक्त कावेरीच्या खोऱ्यात सापडतो आणि ५० किलोंच्या वर वाढलेला लोकांनी पाहिला आहे. बाहेरून आलेली खडशी तिथे इतकी वाढली की मूळचा मासा मागे पडत गेला. धरणं, वाळू उपसा आणि सुरुंगाने मासेमारी, हेही होतंच. आज कावेरीचा तो महसीर नष्ट होण्याच्या काठावर आहे. गंमत म्हणा की दुःख, त्याची नीट शास्त्रीय ओळख पटायला २०१८ साल उजाडलं.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, बाहेरचं बीज वाहत्या ओढ्यात किंवा नदीत आपल्या मनाने सोडायचं नाही, मग ते कितीही चांगलं असो. तलावाच्या सांडव्याला जाळी लावायची ती याचसाठी. दुसरी, घर मोडलेलं असेल तर पिल्लं सोडून उपयोग नाही. डोह नाही, सावली नाही, पाणी विषारी, तिथे लाखभर पिल्लं सोडली तरी ती जगणार कशी?

आणि हॅचरीलाही नदी लागतेच. हॅचरीत वर्षानुवर्षं त्याच घराण्यातले नर-मादी वापरले तर पिल्लं अशक्त होतात, वाढ खुंटते. त्यासाठी मधूनमधून नदीतले नवे मासे आणावे लागतात. नदीतच मासे उरले नाहीत तर हॅचरी कुठून आणणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

७. राखलेली दोन ठिकाणं

पहिलं सरकारने राखलेलं. सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोलीला हिरण्यकेशी नदीचा उगम आहे, तिथे मंदिर आहे. मंदिराजवळच्या पाण्यात २०२० मध्ये माशाची एक नवी जात शास्त्रज्ञांना सापडली. बोटाएवढा, रंगीत मासा. त्याला नदीचंच नाव दिलं, शिस्तुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने तिथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. खाण्याला किंवा विक्रीला उपयोगी नसलेल्या एका छोट्या माशासाठी सरकार जागा राखू शकतं, हे यातून दिसतं. ज्या कायद्याने हे झालं तोच २००२ चा जैवविविधता कायदा, आणि तो आपल्या गावालाही लागू आहे.

दुसरं लोकांनी राखलेलं. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. काठावर वरदायिनी देवीचं स्थान. देवीचे मासे म्हणून तिथले महसीर कोणी पकडत नाही. सरकारी फलक लागण्याच्या कितीतरी आधीपासून गावाने ठरवलं आणि पाळलं. प्रत्येक गावात देवीचा डोह नसेल, पण "हा एक डोह राखायचा" असं ठरवायला कोणत्याही गावाला कोणी अडवलेलं नाही.

समुद्रात पावसाळ्यात मासेमारी बंद असते हे कोकणातल्या मैत्रिणींना माहीतच आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात नद्यांतही मासेमारीला बंदी असते. कारण एकच, त्या काळात मासा अंड्यांवर असतो. आपल्या ओढ्यासाठी असा काळ ग्रामसभेला ठरवता येईल.

८. गटाने करायची कामं

१) ग्रामसंघाच्या बैठकीत गावातल्या ओढ्याचा नकाशा काढा. जमिनीवर रांगोळीने काढला तरी चालेल. डोह कुठे, झाडं कुठे, घाण पाणी कुठून येतं, वाळू कुठे उपसतात.

२) म्हाताऱ्या बायांना विचारा, पूर्वी कोणते मासे मिळायचे आणि आता कोणते मिळत नाहीत. ती यादी जैवविविधता नोंदवहीत लिहून घ्यायला सांगा. भोई-ढीवर घरातल्या आजींकडे ही माहिती सर्वात जास्त असते.

३) एक डोह निवडा आणि त्यात मासे न धरण्याचं ठरवा. सगळा ओढा बंद करायला गेलात तर गरीब घराचंच नुकसान होईल आणि ठराव मोडेल. एक डोह पाळला जातो.

४) फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे ओढ्यात धुवायचे नाहीत, हे आधी आपल्या घरापासून सुरू करा.

५) तलाव घेतला असेल तर बीजाची पावती, सोडल्याची तारीख आणि संख्या गटाच्या वहीत लिहा.

६) अर्ज नेहमी दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात विचारा. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

ठरावाचा नमुना :

"आज दिनांक ........ रोजी ........ येथील ग्रामसभेत असे ठरले की, ........ ओढ्यावरील ........ या डोहात वर्षभर मासेमारी केली जाणार नाही. १५ जून ते १५ ऑगस्ट या काळात ओढ्यात चढणीचे मासे मारले जाणार नाहीत. ओढ्यात विष, सुरुंग किंवा वीज वापरणाऱ्याविरुद्ध ग्रामपंचायत पोलिसांत तक्रार देईल. ओढ्यावरील कोणत्याही कामाचा आराखडा आधी ग्रामसभेत वाचला जाईल. देखरेखीसाठी ........ या महिलांची समिती नेमण्यात येत आहे."

तारखा तुमच्या भागातल्या पावसाप्रमाणे बदला. ठरावाची प्रत तहसीलदार, मत्स्यव्यवसाय कार्यालय आणि पोलीस ठाण्याला द्या.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१) आपल्या गावातला तलाव कोणाच्या ताब्यात आहे? ठेका कोणाकडे आहे आणि कधी संपतो?
२) जिरे, बीज आणि बोटुकली यांत फरक काय? आपल्या तलावात काय सोडावं?
३) आपल्या ओढ्यातला कोणता मासा गेल्या दहा वर्षांत दिसेनासा झाला? कारण काय असावं?
४) ओढ्यात मेलेले मासे तरंगताना दिसले तर पहिला फोन कोणाला कराल, आणि अर्ज कोणाला द्याल?
५) गावातले कोणते नुकसान "सरकारने बीज सोडावं" या मागणीने भरून येईल आणि कोणते येणार नाही?

शेवटच्या प्रश्नावर जास्त वेळ बोला. बीज मागणं सोपं असतं, कारण ते पिशवीत येतं, फोटो निघतो, वाटप होतं. ओढा राखण्याची मागणी करायला वर्षभर पाठपुरावा लागतो. पण बीज दरवर्षी विकत घ्यावं लागतं. राखलेला डोह मात्र आपल्या नातवंडांनाही मासे देत राहील.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत तुमचा डोह कोणता ठरला, ते प्रभागसंघाला जरूर कळवा.